टर्बो लावलेल्या एलएस इंजिनामागे टीएच४०० गिअरबॉक्स: मोजमापापासून पहिल्या चाचणीपर्यंत

जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४००, म्हणजे टीएच४००, १९६४ च्या मॉडेलांबरोबर कॅडिलॅक आणि ब्युइकमध्ये आला. पुढे रोल्स-रॉइसची सिल्व्हर शॅडो, जॅग्वारची एक्सजे१२ आणि फेरारीची ४०० ऑटोमॅटिक याच गिअरबॉक्सवर चालल्या. त्याला तीन गिअर आहेत, २.४८, १.४८ आणि १.००, आणि रिव्हर्स २.०८. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर), लॉकअप (तेलातून ताकद पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची घसरण थांबवणारा क्लच) किंवा कॉम्प्युटर यातलं काहीच नाही. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये गाड्या बांधणारे आज हा गिअरबॉक्स शेव्हरोले आणि जीएमसी ट्रकमधल्या ५.३ लिटर एलएम७ या एलएस मालिकेतल्या इंजिनामागे बसवतात आणि इंजिनावर टर्बो चढवतात. ब्लॉक बिडाचा असतो, भाग सगळीकडे मिळतात आणि थोडक्या बूस्टवर (टर्बोने हवेवर दिलेल्या जादा दाबावर) मूळ ताकदीच्या दीडपट सहज मिळते.

दोन्ही यंत्रं दणकट असूनही ही जोडी पहिल्या काही महिन्यांत क्लच जाळते, असं वारंवार घडतं. दोष सहसा गिअरबॉक्सच्या ताकदीत नसतो. इंजिनावर किती भार आहे हे या गिअरबॉक्सला फक्त एका व्हॅक्यूम नळीतून कळतं, आणि टर्बो लावलेलं इंजिन त्या नळीत असं काही पाठवतं ज्याचा विचार १९६४ मध्ये कुणी केला नव्हता. म्हणून या लेखात त्या नळीला सर्वात जास्त जागा दिली आहे. यांत्रिक जोडणी त्या मानाने सोपी, पण तिथे एक मिलिमीटर चुकला तरी पंप फुटतो.

कोणता गिअरबॉक्स घ्यायचा

टीएच४०० चं बेलहाउसिंग (इंजिनाला जोडला जाणारा पुढचा भाग) केसमध्येच ओतलेलं असतं, त्यामुळे बोल्टांचा पॅटर्न चुकला तर केस बदलावी लागते. शेव्हरोले पॅटर्नची केस हवी. ब्युइक-ओल्ड्समोबाइल-पॉन्टिअॅकचा पॅटर्न वेगळा आणि कॅडिलॅकचा आणखी वेगळा. भंगारवाला सगळ्यांनाच ‘फोर हंड्रेड’ म्हणतो, तेव्हा स्वतः बघा. तेलाच्या पॅनला १३ बोल्ट आणि आडवातिडवा आकार असेल, किकडाउनसाठी (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर लागण्यासाठी) केबलऐवजी केसमध्ये विजेचं कनेक्टर असेल, तर तो टीएच४०० आहे. केबल दिसली तर बहुधा टीएच३५०. १९६५ ते १९६७ मधल्या काही गिअरबॉक्समध्ये पाती फिरणारा ‘स्विच पिच’ कन्व्हर्टर होता. त्याचा पंप आणि इनपुट शाफ्ट वेगळे असतात, म्हणून या कामाला तो नको.

ओव्हरड्राइव्ह नसल्याचा हिशोब आधीच करा. २६ इंची टायर आणि ३.४२ चा डिफरन्शियल असेल तर ताशी १०० किलोमीटरला इंजिन साधारण २७५० आरपीएमवर असतं, आणि कन्व्हर्टरची घसरण धरली तर २८५० च्या पुढे. ३.०८ चा डिफरन्शियल टाकला तर घसरणीशिवाय तेच २४७५. टर्बो गाडीला उंच डिफरन्शियल उलट मानवतो, कारण प्रत्येक गिअरमध्ये इंजिन भाराखाली जास्त वेळ राहतं आणि बूस्ट चढायला अवकाश मिळतो. रोज हायवेवर लांब जायचं असेल तर याच गिअरबॉक्सचा ओव्हरड्राइव्ह असलेला वंशज ४एल८०ई घ्या. त्यासाठी वेगळा कंट्रोलर लागतो, पण इंधनात आणि कानाच्या आरामात तो पैसा वसूल होतो.

०.४ इंचाचा प्रश्न

जुन्या शेव्हरोले इंजिनांच्या तुलनेत एलएस इंजिनाच्या क्रँकची मागची फ्लँज ०.४०० इंच, म्हणजे १०.१६ मिमी, ब्लॉकच्या आत असते. १९९९-२००० च्या काही ६.० लिटर इंजिनांत लांब क्रँक आहे आणि त्यांना हा फरक लागू नाही. ऐकीव माहितीवर जाऊ नका. ब्लॉकच्या मागच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवा आणि फ्लँजपर्यंतचं अंतर व्हर्निअरने मोजा.

आखूड क्रँकसाठी तीन गोष्टी लागतात: सपाट फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती, जीएम क्रमांक १२५५१३६७), क्रँक आणि प्लेटमध्ये बसणारा ०.४ इंची स्पेसर (१२५६३५३२), आणि त्यासाठीचे लांब बोल्ट (१२५६३५३३). ४एल६०ई ची (ट्रकच्या मूळ गिअरबॉक्सची) फ्लेक्सप्लेट खोलगट असते, ती इथे वापरू नका. स्पेसर फक्त अंतर भरत नाही, कन्व्हर्टरच्या नाकाला केंद्रात धरण्याचं कामही तोच करतो. घरच्या लेथवर कापलेली साधी चकती टाकली तर कन्व्हर्टर केंद्र सोडून फिरतो आणि पुढचं सील व बुशिंग खातो. बूस्ट ८ पीएसआयच्या पुढे न्यायचा विचार असेल तर मूळ प्लेटऐवजी एसएफआय २९.१ या रेसिंग सुरक्षा मानकाची प्रमाणित प्लेट घ्या. कन्व्हर्टरचं बोल्ट-सर्कल ११.५ इंच आहे की १०.७५ इंच, हे प्लेट मागवण्याआधी मोजून ठेवा.

क्रँकचे बोल्ट तीन फेऱ्यांत, तारेच्या क्रमाने आवळायचे: २० एनएम, मग ५०, शेवटी १००. या बोल्टांची भोकं क्रँककेसमध्ये उघडतात, त्यामुळे आट्यांना सीलंट लावलं नाही तर तेल झिरपतं आणि मागचं सील गेलं असं वाटून इंजिन पुन्हा उतरवलं जातं.

बेलहाउसिंगच्या बोल्टांपैकी पाच जुळतात. जुन्या पॅटर्नमधलं वरचं एक भोक एलएस ब्लॉकवर नाही, ते रिकामं राहतं. त्याने काही बिघडत नाही. पण ब्लॉकमधल्या दोन्ही डॉवेल पिना असायलाच हव्यात, कारण केंद्र त्याच पिना ठरवतात, बोल्ट नाही. ब्लॉकचे आटे एम१० × १.५ आहेत आणि केस ३/८ इंची बोल्टसाठी बनलेली आहे. बोल्ट अडत असेल तर केसमध्ये १०.५ मिमीचं ड्रिल फिरवा. आवळणी ५० एनएम. मशीनवर घेतलेला किंवा वेल्ड केलेला ब्लॉक असेल तर क्रँकवर डायल गेज लावून बेलहाउसिंगच्या भोकाचा रनआउट (केंद्रापासूनची सरक) बघा. ०.१३ मिमीच्या वर गेला तर ऑफसेट डॉवेल लागतील.

आता सर्वात जास्त पंप फोडणारी पायरी. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओतून तो गिअरबॉक्सवर चढवा आणि फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने आत जातो: इनपुट शाफ्टचे स्प्लाइन, स्टेटरचे स्प्लाइन, शेवटी पंपाच्या खाचा. शेवटचा टप्पा न लागता गिअरबॉक्स इंजिनाला लावला आणि उरलेली फट बोल्टांनी ओढून घेतली, तर पंपाचं आतलं गिअर तडकतं. म्हणून कन्व्हर्टर पूर्ण आत असताना त्याचे पॅड बेलहाउसिंगच्या कडेपासून किती आत आहेत ते मोजा. ब्लॉकच्या कडेपासून फ्लेक्सप्लेट किती मागे आहे तेही मोजा. या दोन आकड्यांतला फरक ३.२ ते ४.८ मिमी हवा. गिअरबॉक्स बोल्टांनी बसवल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि तेवढाच पुढे यायला हवा. जास्त फट असेल तर पॅड आणि प्लेटमध्ये सारख्या जाडीचे वॉशर घाला. कमी असेल तर थांबा आणि चूक शोधा.

आत काय बदलायचं

बूस्टसाठी सर्वात कमजोर जागा डायरेक्ट क्लच (तिसरा गिअर आणि रिव्हर्स धरणारा) आणि त्याचा ड्रम. मूळ रचनेत तिसऱ्या गिअरमध्ये डायरेक्ट पिस्टनच्या एकाच भागावर दाब येतो आणि दोन्ही भाग फक्त रिव्हर्समध्ये वापरले जातात. ‘ड्युअल फीड’ म्हणजे पिस्टनचं मधलं सील काढून तिसऱ्या गिअरमध्येही पूर्ण क्षेत्रफळावर दाब द्यायचा. त्याबरोबर सेंटर सपोर्टवरची ठरावीक रिंग काढावी लागते आणि केसमधला रिव्हर्सचा मार्ग प्लग करावा लागतो. प्लग विसरला तर दाब तिथून गळतो आणि तिसरा गिअर पूर्वीपेक्षा लवकर जळतो. चांगल्या शिफ्ट किटमध्ये या जागा चित्रासह दिलेल्या असतात.

ड्रम निवडताना स्प्रॅग (एकाच दिशेने फिरू देणारा क्लच) बघा. फॅक्टरीचा १६ घटकांचा स्प्रॅग किंवा नंतरचा रोलर क्लच पहिल्या-दुसऱ्या बदलाचा झटका फार काळ सोसत नाही. ३४ घटकांच्या स्प्रॅगचा ड्रम टाका, या जागी काटकसर नको. फ्रिक्शन प्लेटमागे साधारण ०.२५ मिमी फट धरून पॅकची एकूण फट ठरवा. पुढच्या भागाची एंडप्ले (शाफ्ट लांबीच्या दिशेने जेवढा हलतो ती फट) ०.०८ ते ०.६० मिमी चालते असं कंपनीचं माप आहे. बूस्टच्या गिअरबॉक्सला त्यातला खालचा अर्धा भाग बरा. पंपाचे बोल्ट २४ एनएम, पॅनचे १६ एनएम.

पहिल्या गिअरमध्ये बर्नआउट (गाडी जागेवर धरून टायर फिरवणं) करू नका. लो रोलर क्लच निसटला तर ड्रम बेफाम फिरून फुटतो आणि त्याचे तुकडे केस फोडून पायांपर्यंत येतात. बर्नआउट दुसऱ्या गिअरमध्ये सुरू करायचा. गाडी ड्रॅगस्ट्रिपवर नेणार असाल तर एसएफआय ४.१ चं कवच पहिल्या दिवसापासून बसवा.

मॉड्युलेटर: खरं काम इथे आहे

केसच्या उजव्या बाजूला डब्यासारखा मॉड्युलेटर असतो. आत डायफ्राम आणि स्प्रिंग. इंजिन आयडलला असताना इनटेक मॅनिफोल्डमधला १८-२० इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम डायफ्राम स्प्रिंगविरुद्ध ओढून धरतो आणि लाइन प्रेशर (क्लच धरणारा तेलाचा दाब) कमी राहतं, ड्राइव्हमध्ये सुमारे ६०-७० पीएसआय. अॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम पडतो, स्प्रिंग जिंकते आणि व्हॅक्यूम शून्यावर आला की दाब १५० पीएसआयच्या आसपास जातो. क्लच किती जोराने धरायचे आणि गिअर किती उशिरा बदलायचा, दोन्ही त्यावर ठरतं.

टर्बोवर मॅनिफोल्ड शून्यापाशी थांबत नाही, पुढे धन दाबात जातो. तो दाब डायफ्रामवर स्प्रिंगच्याच दिशेने ढकलतो. म्हणजे बूस्टमध्ये लाइन प्रेशर वाढण्याकडे कल असतो, आणि ते चांगलंच. पण डायफ्राम ओढला जाण्यासाठी बनला आहे, ढकलला जाण्यासाठी नाही. तो फाटला की इनटेक त्यातून एटीएफ शोषतं, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो, आणि लोक टर्बोचं सील गेलं समजून टर्बो उतरवतात. मॉड्युलेटरच्या नळीत तेल दिसलं तर आधी मॉड्युलेटर बदला.

यावर उपाय म्हणून ब्रेक बूस्टरचा चेक व्हॉल्व्ह नळीत टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो पाळू नका. असा व्हॉल्व्ह हवा फक्त मॅनिफोल्डच्या दिशेने जाऊ देतो. आयडलला मॉड्युलेटरमध्ये व्हॅक्यूम भरतो, मग तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, मॅनिफोल्डमधला दाब चढतो आणि व्हॉल्व्ह बंद होतो. मॉड्युलेटरमध्ये आयडलचा व्हॅक्यूम अडकून राहतो. इंजिन पूर्ण बूस्टवर असतं आणि गिअरबॉक्स ६५ पीएसआयने क्लच धरत असतो. इतक्या कमी दाबावर क्लच घसरतात आणि फार थोड्या वेळात जळतात. नळी एक्झॉस्टजवळ वितळून चिकटली किंवा घडी पडून दबली तरी हाच प्रकार होतो. उलट नळी निसटली तर व्हॅक्यूम शून्य, दाब पूर्ण, बदल उशिरा आणि कडक. गाडी चालवायला त्रास होतो, पण क्लच वाचतात. नळीची प्रत्येक रचना याच कसोटीवर तपासा: बिघडली तर दाब वाढला पाहिजे, कमी होता कामा नये.

आम्ही सुचवतो ती रचना अशी. तीन तोंडांचा, सतत चालू राहायला योग्य असा १२ व्होल्टचा सोलनॉइड घ्या. वीज नसताना मॉड्युलेटर बाहेरच्या हवेला जोडलेला राहील आणि वीज असताना मॅनिफोल्डला, अशी तोंडं लावा. बाहेरच्या तोंडावर छोटा फिल्टर. वीज इग्निशनवरून, फ्यूजमधून आणि १ पीएसआयला उघडणाऱ्या प्रेशर स्विचमधून द्या. साध्या चालवण्यात मॉड्युलेटर मॅनिफोल्ड वाचतो आणि गिअर मऊ बदलतात. बूस्ट आला की स्विच उघडतो, मॉड्युलेटर बाहेरच्या हवेला जोडला जातो आणि शून्य व्हॅक्यूमचा पूर्ण दाब मिळतो, डायफ्रामवर मात्र धन दाब येत नाही. तार तुटली, फ्यूज उडाला, सोलनॉइड जळला, तरी परिणाम पूर्ण दाबच.

शून्य व्हॅक्यूमचा दाब किती असावा ते शिफ्ट किटमधली रेग्युलेटर स्प्रिंग आणि बूस्ट व्हॉल्व्ह बदलून ठरवा. आयडलचा दाब आणि बदलाचं वेळापत्रक नीट बसवायला समायोज्य मॉड्युलेटर वापरा. नळीच्या तोंडातला स्क्रू उजवीकडे फिरवला की दाब वाढतो आणि बदल उशिरा होतात. नळी ६ मिमी स्टीलची, टोकांनाच रबर, मॅनिफोल्डच्या स्वतंत्र तोंडावरून. ब्रेक बूस्टर किंवा पीसीव्हीच्या नळीत टी मारू नका.

हे सगळं नको असेल तर फुल मॅन्युअल व्हॉल्व्ह बॉडी (तेलाचे मार्ग ठरवणारा भाग) टाका. मग दाब कायम पूर्ण राहतो आणि गिअर हाताने बदलायचे. स्ट्रिपसाठी उत्तम. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये मात्र प्रत्येक सिग्नलला हिसका सहन करावा लागतो.

गव्हर्नर (गाडीच्या वेगानुसार गिअर बदलायला लावणारा भाग) विसरू नका. मूळ ट्रकचा गव्हर्नर इंजिनाला ६००० पर्यंत जाऊ देत नाही, ४५००-५००० च्या आसपासच गिअर बदलतो. गव्हर्नरची वजनं हलकी केली की बदल उशिरा होतो. थोडं थोडं घासा आणि दोन्ही बाजूंना सारखं.

कन्व्हर्टर आणि उष्णता

कन्व्हर्टरचा स्टॉल (गाडी धरून ठेवून पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर इंजिन ज्या आरपीएमला थांबतं ते) हा ठरलेला आकडा नाही. तो इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. ४०० एनएम देणाऱ्या इंजिनामागे २००० आरपीएमला थांबणारा कन्व्हर्टर ६२५ एनएमच्या इंजिनामागे २५०० ला थांबेल. म्हणून विक्रेत्याला नुसतं ‘३००० स्टॉल’ सांगू नका. इंजिन, टर्बोचा आकार, अपेक्षित टॉर्क, गाडीचं वजन, टायर आणि डिफरन्शियल सगळं लिहून द्या. स्टॉल फार कमी असेल तर टर्बो जागा होत नाही, फार जास्त असेल तर हायवेवर कन्व्हर्टर सतत घसरून तेल उकळतो.

जास्त दाबाने कन्व्हर्टर फुगतो आणि क्रँकला पुढे ढकलतो. एलएसचं थ्रस्ट बेअरिंग मधल्या मेनवर असतं आणि क्रँकची एंडप्ले ०.०४ ते ०.२० मिमी हवी. जोडणीआधी मोजून लिहून ठेवा, १००० किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. वाढलेली दिसली तर कूलरची नळी कुठे दबली आहे का बघा, कारण परतीचा मार्ग अडला की कन्व्हर्टरमधला दाब चढतो. फुगणं रोखणारे प्लेट असलेला कन्व्हर्टर घ्या.

कूलर रेडिएटरच्या टाकीतला पुरत नाही. प्लेटचा स्वतंत्र कूलर, ३/८ इंची नळी आणि शक्य असेल तर पंखा. केसवरचं खालचं तोंड कूलरकडे जाणारं, वरचं परतीचं. तोंडांचे आटे सरळ असतात, निमुळता फिटिंग जोर लावून घातला तर केस फुटते. तापमानाचा सेन्सर कूलरकडे जाणाऱ्या नळीत लावा, कारण कन्व्हर्टरची खरी उष्णता तिथे दिसते. पॅनमध्ये ८०-९५ अंश सेल्सिअस चांगलं. १२० च्या वर तेल पटकन खराब होतं, १५० ला सीलं कडक होतात. जुना कूलर पुन्हा वापरू नका, आधीच्या गिअरबॉक्सचा चुरा त्यात बसलेला असतो.

ईसीयू आणि तारा

ट्रकचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ४एल६०ई शोधत राहतो. तो सापडला नाही की कोड टाकतो आणि काही वेळा टॉर्क कापतो. कॅलिब्रेशनमध्ये गिअरबॉक्सचा प्रकार मॅन्युअल करा. वेगाचा सिग्नल मात्र द्यायलाच हवा, नाहीतर थांबताना आयडल भरकटतं आणि इंजिन बंद पडतं. स्पीडोमीटरच्या केबलच्या जागी पल्स सेन्सर बसतो. एलएम७ चा ईसीयू मूळ ४एल६०ई च्या शाफ्टच्या प्रत्येक फेरीला ४० पल्स मोजतो, तेव्हा पल्सचा आकडा कॅलिब्रेशनमध्ये जुळवा. किकडाउन म्हणजे केसमधल्या कनेक्टरला १२ व्होल्ट: पेडल तळाला टेकलं की दबणारा मायक्रोस्विच पुरेसा. पार्क-न्यूट्रल स्विच स्टार्टरच्या तारेत घ्या.

ईसीयूला बदल कधी होतो ते कळत नसल्यामुळे तो त्या क्षणी टॉर्क कमी करू शकत नाही. म्हणून बूस्ट आरपीएमप्रमाणे हळूहळू चढवा. पहिल्या १००० किलोमीटरला फक्त वेस्टगेटच्या (बूस्टची हद्द ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) स्प्रिंगवर चालवा.

महाराष्ट्रात असं काही बांधायचं मनात असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय रस्त्यावर चालत नाहीत.

तेल आणि पहिली चाचणी

कोरड्या गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टरसह सुमारे १०.५ लिटर एटीएफ लागतं. डेक्सरॉन प्रकारचं घ्या. आधी ४-५ लिटर भरा, इंजिन सुरू करा, लगेच आणखी दोन-तीन लिटर ओता. गाडी मजबूत स्टँडवर, चाकं अधांतरी. ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवा, मग पार्कमध्ये आयडलवर, तेल गरम झाल्यावर पातळी बघत भरा. जास्त भरलं तर तेल फेसाळून व्हेंटमधून बाहेर येतं.

केसच्या डाव्या बाजूच्या १/८ इंची तोंडाला ३०० पीएसआयचा गेज लावा. मॉड्युलेटरला हातपंपाने २० इंच व्हॅक्यूम द्या आणि हळूहळू सोडा. दाब सलग चढत गेला पाहिजे. कुठे अडकला तर मॉड्युलेटरचा व्हॉल्व्ह चिकटतोय. हा गेज लांब नळीने काचेपाशी आणून पहिल्या रस्त्याच्या चाचणीत डोळ्यासमोर ठेवा. बूस्ट येताच दाब चढला नाही तर पाय उचला, त्याच क्षणी. स्टॉलची चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि नंतर न्यूट्रलमध्ये मिनिटभर चालवून कन्व्हर्टर थंड होऊ द्या.

बिघाड कुठे आहे ते लक्षणं सांगतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम उडतात, किंवा तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही गेले, तर डायरेक्ट क्लच. पहिल्यातून दुसऱ्यात घसरतो तर इंटरमीडिएट क्लच. पुढचे सगळे गिअर गेले आणि रिव्हर्स शाबूत, तर फॉरवर्ड क्लच. सगळेच बदल एकदम उशिरा आणि कडक झाले तर आधी व्हॅक्यूमची नळी, मग सोलनॉइडचा फ्यूज. गिअर न बदलता फक्त थांबल्यावर पंपातून किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर फिल्टरचा ओ-रिंग हवा ओढतोय.

८०० किलोमीटरला पॅन उघडा. तळाला राखाडी मऊ गाळ दिसणं साहजिक आहे. काळे खवले म्हणजे जळालेली फ्रिक्शन, पितळी चमक म्हणजे बुशिंग किंवा थ्रस्ट वॉशर, आणि चुंबकाला चिकटणारे टोकदार पोलादी कण म्हणजे स्प्रॅग किंवा पंप. राखाडी गाळ सोडून काहीही दिसलं तर नवीन तेल भरून बघूया असं करू नका, गिअरबॉक्स त्याच दिवशी खाली काढा.